पाहुणा, गर्दी आणि ग्राहक : मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचा विकास व प्रवासी सेवा – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मुंबईचा विमानतळ हा भारतातील नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा साक्षीदार आहे. जुहूच्या मैदानापासून सहारच्या भव्य टर्मिनलपर्यंतचा त्याचा प्रवास केवळ धावपट्ट्या व इमारतींचा नाही. राज्यसंस्था, बाजारपेठ आणि प्रवासी यांच्यातील बदलत्या नात्याचाही तो इतिहास आहे. प्रस्तुत शोधनिबंधात 1928 ते 2025 या कालखंडातील या विमानतळाच्या विकासाचे टप्पे तपासले असून, प्रत्येक टप्प्यावर प्रवाशाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलत गेली याचा शोध घेतला आहे. आरंभी प्रवासी हा पाहुणा होता, पुढे तो गर्दीचा एक घटक झाला आणि खाजगीकरणानंतर तो ग्राहक झाला. या स्थित्यंतरात काय मिळाले आणि कोण बाहेर राहिले, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

बीजशब्द : नागरी विमान वाहतूक, मुंबई, सांताक्रूझ, सहार, प्रवासी सेवा, खाजगीकरण, विस्थापन.

प्रस्तावना

मुंबई शहराचा इतिहास सांगताना बंदर, रेल्वे आणि कापड गिरण्या या तीन गोष्टींचा उल्लेख हमखास होतो. या तिन्हींवर मराठी आणि इंग्रजी भाषांत विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेत विमानतळ हा विषय इतिहासाच्या अभ्यासकांकडून काहीसा उपेक्षित राहिला. विमानतळाविषयी जे लिहिले जाते ते प्रायः अभियांत्रिकी, व्यवस्थापन किंवा अर्थकारण यांच्या अंगाने लिहिले जाते. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे जगाशी असलेले नाते बंदरापेक्षाही विमानतळावर अधिक घडले. आखाती देशांत रोजगारासाठी जाणारा कामगार, परदेशी शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी, व्यापारी, पर्यटक या सर्वांनी मुंबईचा उंबरठा ओलांडला तो सांताक्रूझ किंवा सहार येथेच.

‘ग्राहक सेवा’ हा शब्दप्रयोग आज विमानतळाच्या संदर्भात सर्रास वापरला जातो. परंतु विमानतळावर येणारी व्यक्ती ही ‘ग्राहक’ आहे, ही कल्पनाच मुळात अलीकडची आहे. ती केव्हा आली, का आली आणि तिच्या आधी कोणती कल्पना होती, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या सेवेचे मूल्यमापन अपुरे राहते. या दृष्टीने हा विषय अभ्यासासाठी निवडला आहे.

उद्दिष्टे

1. मुंबई विमानतळाच्या विकासाचे प्रमुख टप्पे कालक्रमाने मांडणे.
2. प्रत्येक टप्प्यावरील प्रवासी सेवेचे स्वरूप व त्यामागील कारणे तपासणे.
3. 2006 नंतरच्या खाजगी सहभागाचा सेवेवर झालेला परिणाम पाहणे.
4. विकासाच्या प्रक्रियेत ज्यांचा ‘ग्राहक’ म्हणून विचार झाला नाही, अशा घटकांचे स्थान शोधणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

विमानतळाची वाढ आणि सेवेचा दर्जा या गोष्टी आपोआप हातात हात घालून चालत नाहीत. जागेची मर्यादा, मालकीचे स्वरूप आणि प्रवाशाची सामाजिक प्रतिमा या तीन गोष्टींवर सेवा अवलंबून असते, असे गृहीतक येथे मांडले आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

1. जुहू : आरंभकाळ

1928 मध्ये जुहू येथे नागरी विमान उड्डाणासाठी मैदान सुरू झाले. भारतातील पहिला नागरी विमानतळ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे एक लहान पस मॉथ विमान स्वतः चालवत जुहूला आणले. विमानात टपालाच्या पिशव्या होत्या. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय हवाई टपाल वाहतुकीतील या घटनेचे महत्त्व निर्विवाद आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली बाब अशी की या सेवेचा पहिला ‘ग्राहक’ प्रवासी नव्हता, तर टपाल खाते होते. दुसरी बाब भूगोलाची. जुहूचे मैदान समुद्राच्या पातळीशी जवळपास समतल असल्याने पावसाळ्यात तेथे पाणी साचे आणि टाटांना आपली सेवा त्या महिन्यांत पुण्याहून चालवावी लागे. मुंबईच्या विमानतळाचे पाण्याशी असलेले हे वैर आरंभापासूनचे आहे. पुढे 2005 मध्ये त्याचा भीषण प्रत्यय आला.

त्या काळात भारताचे आंतरराष्ट्रीय हवाई प्रवेशद्वार मुंबई नव्हते, ते कराची होते. 1929 मध्ये लंडनहून भारतात येणारी पहिली नियमित हवाई सेवा कराचीपर्यंतच होती. मुंबईला आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून जे स्थान मिळाले त्यात फाळणीचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते.

2. सांताक्रूझ : पाहुण्यांचे आदरातिथ्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझ येथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. युद्ध संपल्यावर तो नागरी उपयोगासाठी हस्तांतरित होऊ लागला. तेथील दोन जुन्या हँगरांचे रूपांतर प्रवासी टर्मिनलमध्ये करण्यात आले. एक देशांतर्गत प्रवासासाठी, दुसरे आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी. कडेला सीमाशुल्क व पारपत्र तपासणीची टेबले आणि मधोमध बसण्याची जागा, असे त्याचे साधे रूप होते. 1947 नंतर कराची पाकिस्तानात गेल्यामुळे मुंबईवरील वाहतूक वाढली. तेव्हा रात्री विमाने उतरवण्याची दिव्यांची व्यवस्था करण्यात आली आणि 1950 च्या सुमारास नव्या इमारतीचे काम हाती घेण्यात आले. ही इमारत 1958 मध्ये वापरात आली.

दरम्यान 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान 35 प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. ही संख्या पुरेशी बोलकी आहे. ज्या विमानात पस्तीस माणसे आहेत, त्यांतील प्रत्येकाला नावाने ओळखणे शक्य होते. विमानप्रवास हा संस्थानिक, उद्योगपती, वरिष्ठ अधिकारी आणि परदेशी नागरिक यांच्यापुरता मर्यादित होता. 1946 मध्ये बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांच्या कल्पनेतून मुंबईत साकारलेला एअर इंडियाचा ‘महाराजा’ हे या काळाचे अचूक प्रतीक होय. झुकून स्वागत करणारा हा महाराजा स्वतः यजमान होता. यजमानासमोर येतो तो पाहुणा. त्याचे आदरातिथ्य होते. पण पाहुणा हक्काने काही मागत नाही आणि तक्रार नोंदवत नाही.

1953 मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. 1960 मध्ये बोइंग 707 हे जेट विमान एअर इंडियाच्या ताफ्यात आले आणि 1971 मध्ये बोइंग 747 आले. एका 747 विमानातून साडेतीनशेच्या आसपास माणसे एकाच वेळी उतरत. ‘मलबार प्रिन्सेस’च्या दहापट माणसे एका विमानातून उतरू लागली, तेव्हा आदरातिथ्याची जुनी व्यवस्था पुरी पडणे शक्यच नव्हते.

3. सहार : गर्दीचे व्यवस्थापन

वाढत्या वाहतुकीचा विचार करण्यासाठी 1967 मध्ये जे. आर. डी. टाटा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी स्वतंत्र टर्मिनल बांधावे आणि सांताक्रूझची इमारत देशांतर्गत प्रवासासाठी ठेवावी, अशी सूचना पुढे आली. 1972 मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले व मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास हे चार विमानतळ त्याच्याकडे सोपवण्यात आले. नव्या टर्मिनलसाठी धावपट्टीच्या ईशान्येस सहार हे स्थळ निवडण्यात आले.

योजना कागदावर असतानाच दोन घटनांनी परिस्थिती बदलली. पहिली घटना 1973 ची. तेलाच्या किमती वाढल्यानंतर आखाती देशांत बांधकामाचे पर्व सुरू झाले आणि भारतातून कामगारांचा ओघ तिकडे वळला. केरळ, आंध्र, उत्तर प्रदेश आणि कोकणातील तरुण मोठ्या संख्येने मुंबईमार्गे आखातात जाऊ लागले. दुसरी घटना सप्टेंबर 1979 मधील. सांताक्रूझच्या इमारतीला मोठी आग लागली व त्यात जीवितहानी झाली. त्यानंतर तात्पुरती प्रस्थान व्यवस्था उभारण्यात आली, ती ‘गल्फ टर्मिनल’ या नावाने ओळखली जाई. एखाद्या इमारतीला प्रवाशांच्या गंतव्यावरून नाव पडणे हे त्या काळी मुंबईतून नेमके कोण जात होते याचे उत्तम प्रमाण आहे. 1981 मध्ये सहारचे टर्मिनल सुरू झाले.

या काळातील प्रवासी सेवेचे स्वरूप समजण्यासाठी तत्कालीन कायदे पाहणे आवश्यक आहे. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा, 1973 चा परकीय चलन नियमन कायदा आणि 1983 चा उत्प्रवास कायदा या तिन्हींची अंमलबजावणी विमानतळाच्या काउंटरवर होत असे. सोने, घड्याळे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू यांवर सीमाशुल्काची बारीक नजर होती. आखातातून दोन-तीन वर्षांनी परतणारा कामगार टेपरेकॉर्डर, कापड आणि खोक्यांना बांधलेल्या दोऱ्या घेऊन रांगेत उभा असे. राज्यसंस्थेच्या दृष्टीने तो परकीय चलन देशात पाठवणारा उपकारकर्ता होता. त्याच वेळी तपासणीच्या टेबलाशी तो संशयितही होता. ‘सेवा’ या शब्दाचा त्या काळी अर्थ नियमन असाच होता. पाहुण्याची जागा गर्दीने घेतली होती आणि गर्दीला शिस्त लावायची असते, तिचे स्वागत करायचे नसते.

मात्र या कालखंडाचे चित्र एकरंगी नाही. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले तेव्हा तेथे अडकलेल्या भारतीयांना जॉर्डनमधील अम्मानहून मुंबईला आणण्यात आले. सुमारे दोन महिन्यांत 488 उड्डाणांमधून सुमारे 1 लाख 11 हजार माणसे परतली. नागरी विमानांनी केलेल्या जगातील सर्वांत मोठ्या सुटका मोहिमांमध्ये तिची गणना होते. नोकरी, बचत आणि सामान गमावून आलेल्या या माणसांना सहारच्या त्याच टर्मिनलने उतरवून घेतले. तेथे कोणीही ‘ग्राहक’ नव्हते. एक सार्वजनिक संस्था संकटात सापडलेल्या नागरिकांना घरी आणत होती. सेवेचा हा अर्थ कोणत्याही दर्जा-निर्देशांकात मोजला जात नाही, म्हणून त्याची नोंद इतिहासाने घेणे अधिक आवश्यक ठरते.

4. उदारीकरण : वाढीचा वेग आणि जागेची कोंडी

1991 नंतरच्या आर्थिक धोरणामुळे हवाई क्षेत्रात खाजगी कंपन्यांना वाव मिळाला. 1994 मध्ये विमान कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द झाला. 1995 मध्ये देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय विमानतळांची दोन प्राधिकरणे एकत्र करून भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. 1999 मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले; 2018 मध्ये त्या नावात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. 2003 पासून स्वस्त दराच्या विमान कंपन्या आल्या आणि रेल्वेच्या वातानुकूलित वर्गाने जाणारा मध्यमवर्ग विमानतळाच्या दारात आला.

येथे मुंबईची मूळ अडचण समोर येते. मुंबई विमानतळाची एकूण जागा सुमारे 750 हेक्टर आहे, तर दिल्लीची सुमारे 2,000 हेक्टर. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असूनही एका वेळी प्रत्यक्षात एकीचाच उपयोग होतो. दोन्हींपैकी मुख्य धावपट्टी सुमारे 3,450 मीटर लांबीची आहे. भोवती विलेपार्ले, अंधेरी, कुर्ला आणि सांताक्रूझ ही दाट वस्तीची उपनगरे असल्याने समांतर धावपट्टी बांधणे शक्य नाही. जुलै 2019 मध्ये एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरले, तेव्हा ती काही दिवस बंद ठेवावी लागली आणि देशभरातील वेळापत्रक कोलमडले. एका पट्टीवर किती भार आहे, हे त्या दिवसांत सर्वांना कळले.

जागेच्या या कोंडीची दुसरी बाजू मिठी नदीची आहे. विमानतळाच्या विस्तारासाठी नदीचा प्रवाह वळवला गेला, त्याला काटकोनी वळणे पडली आणि काही भाग धावपट्टीखालून नेण्यात आला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. विमानतळ बंद पडला, शेकडो उड्डाणे रद्द झाली. पुरानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीने मिठी नदीच्या अवस्थेची चिकित्सा केली व तिच्या पात्रातील अडथळ्यांकडे लक्ष वेधले. विमानतळाची वाढ शहराने सोसलेल्या किमतीपासून वेगळी करता येत नाही, हा त्या पुराचा धडा होय.

5. खाजगीकरण : ‘ग्राहक’ या कल्पनेचा उदय

2005-06 या वर्षी मुंबई विमानतळाने सुमारे 1 कोटी 84 लाख प्रवासी हाताळले. इमारती जुन्या झाल्या होत्या, रांगा वाढल्या होत्या. 2006 मध्ये केंद्र शासनाने दिल्ली व मुंबई हे विमानतळ खाजगी भागीदारांकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध फेब्रुवारी 2006 मध्ये प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी देशव्यापी संप केला. उड्डाणे मोठ्या प्रमाणात चालू राहिली, परंतु स्वच्छतेसारख्या सेवा विस्कळीत झाल्या. विमानतळ चालतो तो कोणाच्या हातांवर, हे त्या चार दिवसांत उघड झाले. तरीही निर्णय बदलला नाही. जीव्हीके समूहाच्या नेतृत्वाखालील मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड या कंपनीने मे 2006 मध्ये कारभार हाती घेतला. 26 टक्के भाग प्राधिकरणाकडे राहिला आणि उत्पन्नाचा 38.7 टक्के हिस्सा प्राधिकरणाला देण्याचे ठरले.

या कराराचे वैशिष्ट्य असे की त्यात सेवेच्या दर्जाचे निकष लिखित स्वरूपात आले. आंतरराष्ट्रीय विमानतळ परिषदेच्या सर्वेक्षणात प्रवाशांना स्वच्छता, रांगेतील वेळ, कर्मचाऱ्यांचे सौजन्य, दिशादर्शक फलक इत्यादी बाबींवर गुण देण्यास सांगितले जाते. प्रवाशाचे मत पहिल्यांदाच मोजण्याजोगी गोष्ट झाली. हा बदल क्षुल्लक नाही. ज्याचे मत विचारले जाते तो माणूस गर्दीतून वेगळा होतो. 2017 च्या सर्वेक्षणात वर्षाला चार कोटींहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळांच्या गटात मुंबई व दिल्ली यांना संयुक्तपणे पहिले स्थान मिळाले.

10 जानेवारी 2014 रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते सहारच्या नव्या टर्मिनल 2 चे उद्घाटन झाले आणि पुढच्या महिन्यात ते वापरात आले. सुमारे 4 लाख 40 हजार चौरस मीटर क्षेत्रफळ, वर्षाला 4 कोटी प्रवाशांची क्षमता, मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेली छताची नक्षी आणि राजीव सेठी यांनी सिद्ध केलेले ‘जय हे’ हे हजारो कलावस्तूंचे दालन ही त्याची वैशिष्ट्ये होत. द्रुतगती महामार्गापासून टर्मिनलपर्यंत उन्नत मार्ग त्याच वेळी खुला झाला. जुने टर्मिनल चालू ठेवून त्याच जागी टप्प्याटप्प्याने नवे बांधणे, हे अवघड काम येथे साध्य झाले.

परंतु ग्राहक म्हटला की मूल्य आले. 1 एप्रिल 2009 पासून मुंबईतून प्रस्थान करणाऱ्या देशांतर्गत प्रवाशाकडून 100 रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशाकडून 600 रुपये विकास शुल्क घेण्यास सुरुवात झाली. टर्मिनल उभे राहण्याआधीच त्याचा खर्च प्रवाशाकडून घ्यावा काय, असा प्रश्न एका ग्राहक संस्थेने न्यायालयात नेला. 26 एप्रिल 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही आकारणी अवैध ठरवली. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने दर निश्चित झाल्याखेरीज असे शुल्क घेता येणार नाही, असा निर्वाळा दिला. पाहुण्याने यजमानाविरुद्ध न्यायालयात जाण्याची कल्पनाही 1948 मध्ये कोणाला सुचली नसती. प्रवासी ग्राहक झाला याचा खरा पुरावा चकचकीत फरशीत शोधण्यापेक्षा या निकालात शोधावा लागतो. 2010 पासून तिकीट असूनही विमानात जागा नाकारली गेल्यास भरपाई देण्याचे नियमही लागू झाले.

6. वेगाचा कळस व सेवेची कसोटी

2018-19 मध्ये प्रवासीसंख्या सुमारे 4 कोटी 88 लाखांवर गेली. 8 डिसेंबर 2018 रोजी 24 तासांत 1,007 विमानांचे आगमन व प्रस्थान झाले. म्हणजे सरासरी दर 86 सेकंदांना एक विमान. एका वेळी एकच धावपट्टी वापरणाऱ्या विमानतळासाठी हा विक्रम होता, आणि त्यात हवाई वाहतूक नियंत्रकांचे कौशल्य निःसंशय थक्क करणारे आहे. करोनाच्या साथीत 2020-21 मध्ये प्रवासीसंख्या सुमारे 1 कोटी 11 लाखांवर घसरली. जुलै 2021 मध्ये विमानतळाचा कारभार अदानी समूहाकडे गेला. त्यानंतर वाहतूक पुन्हा वाढली व 2024-25 मध्ये ती सुमारे 5 कोटी 51 लाख झाली. मुख सादृश्यावर आधारित ‘डिजी यात्रा’ प्रवेशव्यवस्था 2023 मध्ये आली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये भुयारी मेट्रो दोन्ही टर्मिनलांपर्यंत पोहोचली. 2025 मध्ये प्रवासी अनुभवाविषयीचे आंतरराष्ट्रीय परिषदेचे सर्वोच्च, म्हणजे पाचव्या पातळीचे मानांकनही मुंबईला मिळाले.

याच काळातील दोन घटना मात्र अंतर्मुख करणाऱ्या आहेत. जानेवारी 2024 मध्ये उत्तरेतील धुक्यामुळे मुंबईकडे वळवलेल्या एका विमानातील प्रवासी विमाने उभी राहण्याच्या जागेवर, जमिनीवर बसून जेवताना दिसले. विमान कंपनी आणि विमानतळ व्यवस्थापन या दोघांवरही दंडाची कारवाई झाली. त्यानंतर महिनाभरातच चाकाची खुर्ची वेळेवर न मिळाल्याने पारपत्र तपासणीच्या दिशेने चालत गेलेला एक वृद्ध प्रवासी कोसळला व मृत्यू पावला. संबंधित कंपनीला दंड झाला. इमारत जितकी भव्य, तितके चालण्याचे अंतर अधिक. आणि तितकीच सोबतीच्या माणसाची गरज अधिक. यंत्राने रांग कमी होते, पण थकलेल्या माणसाला आधार द्यायला माणूसच लागतो. सर्वेक्षणातील सरासरी गुण अशा एकट्या माणसाची कहाणी झाकून टाकतात.

7. जे ग्राहक नव्हते

विमानतळाच्या इतिहासात अशा व्यक्तींचीही नोंद करावी लागते, ज्यांनी कधी तिकीट काढले नाही. ‘सहार’ हे मुळात ईस्ट इंडियन समाजाच्या जुन्या गावाचे नाव. विमानतळाच्या जमिनीवर व भोवती हजारो कुटुंबांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांतील अनेकजण विमानतळाच्या व शहराच्याच उभारणीसाठी आलेले मजूर होते. या वस्त्यांच्या पुनर्वसनासाठी 2007 मध्ये एका खाजगी विकासकाशी करार झाला. कुर्ला परिसरात इमारती उभ्या राहिल्या, परंतु बहुतांश पुनर्वसन रखडले आणि 2013 मध्ये करार रद्द झाला. सहारजवळच्या अण्णावाडी या वस्तीवरील कॅथरीन बू यांचे पुस्तक 2012 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला अमेरिकेतील राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. विमानतळाच्या कचऱ्यातून भंगार वेचून जगणारी माणसे जगाने वाचली, पण ती विमानतळाच्या कोणत्याही सेवा-आराखड्यात नव्हती.

जुलै 2024 मध्ये कलिना येथे सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांच्या सुमारे दोन हजार जागांसाठी थेट मुलाखती ठेवण्यात आल्या. त्यासाठी हजारो तरुण जमले व गर्दी आवरणे कठीण झाले. त्यांत पदवीधरही होते. महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या कोणालाही ही बातमी केवळ बातमी म्हणून वाचता येत नाही. आपल्या वर्गातून बाहेर पडलेले विद्यार्थीच त्या रांगेत असू शकतात, याची जाणीव होते. ज्या सेवेला आपण गुण देतो, ती सेवा देणारे हात असे रांगेतून येतात.

हाच प्रश्न नवी मुंबईतही उभा राहिला. सुमारे 1,160 हेक्टर जागेवर उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले व 25 डिसेंबर 2025 पासून तेथून नियमित उड्डाणे सुरू झाली. त्यासाठी उलवे टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि दहा गावांचे स्थलांतर झाले. या परिसरातील भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांनी 1984 मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा उभारला. त्यात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना ही त्या लढ्याची फलश्रुती होय. नव्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे, ही प्रकल्पग्रस्तांची मागणी म्हणूनच केवळ नावापुरती नाही. आपणही या इतिहासात आहोत, असे सांगण्याचा तो मार्ग आहे.

निष्कर्ष

1. मुंबईला आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून मिळालेल्या स्थानामागे फाळणी, तेलाचे अर्थकारण व उदारीकरण ही कारणे प्रामुख्याने दिसतात.
2. प्रवासी सेवेची कल्पना आदरातिथ्य, नियमन आणि ग्राहक-समाधान अशा तीन टप्प्यांतून गेली. प्रत्येक टप्प्यात प्रवाशाची सामाजिक प्रतिमा वेगळी होती.
3. 2006 नंतर इमारती, स्वच्छता व प्रतीक्षाकाळ यांत सुधारणा झाली. त्याच वेळी खर्चाचा भार प्रवाशावर आला व न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला.
4. मर्यादित जागेत संख्यावाढीचा विक्रम करणारी व्यवस्था सामान्य दिवशी कार्यक्षम, पण पाऊस, धुके किंवा अपघात यांसारख्या प्रसंगी दुबळी ठरते.
5. वृद्ध, आजारी आणि एकटा प्रवासी हीच सेवेच्या दर्जाची खरी कसोटी होय.
6. वस्तीतील रहिवासी, कंत्राटी कामगार आणि प्रकल्पग्रस्त यांना वगळून विमानतळाच्या विकासाचा इतिहास पूर्ण होत नाही.

समारोप

जुहूच्या ओल्या मैदानावर उतरलेल्या एका लहानशा विमानापासून वर्षाला साडेपाच कोटी प्रवाशांपर्यंतचा हा प्रवास एका शतकापेक्षाही कमी काळात घडला. त्याचा अभिमान वाटावा असे त्यात बरेच काही आहे. तथापि पाहुण्याला मान होता पण हक्क नव्हता; ग्राहकाला हक्क आहे, पण तो तिकिटाच्या किमतीपुरता. 1990 मध्ये अम्मानहून आलेल्या माणसांजवळ या दोन्हींपैकी काही नव्हते, तरीही त्यांच्यासाठी विमाने उडाली, कारण ते नागरिक होते. मुंबई महानगराचा दुसरा विमानतळ आता सुरू झाला असून पुढील वाढ दोन ठिकाणी विभागली जाणार आहे. अशा वेळी सेवेचे निकष नव्याने ठरवताना नागरिक ही जुनी कल्पना पुन्हा मध्यभागी यावी, एवढीच या अभ्यासातून निघणारी अपेक्षा आहे.